शब्दचर्चा: ‘सिंगसाँग’ घड्याळाला मराठीत काय म्हणावे?

अठराव्या शतकात लंडनचे कारागीर चिनी बाजारासाठी जी नक्षीदार घड्याळे करत, त्यांच्यावर एक लेख लिहिते आहे. तास झाला की आत घंटिकांवर एखादी धून वाजते, वर कमळ उमलते, पिळाच्या काचकांड्या फिरून धबधबा कोसळल्याचा भास होतो. चीनमधल्या कॅन्टनच्या बंदरात व्यापाऱ्यांच्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत यांना ‘सिंगसाँग’ म्हणत. मराठीत ‘संगीत घड्याळ’ लिहिले तर नुसता गजर डोळ्यांसमोर येतो आणि ‘स्वयंचलित’ म्हटले तर कारखाना. योग्य शब्द सुचवाल का?

प्रतिसाद

‘कळसूत्री घड्याळ’ कसे वाटते? कळ आहे, बाहुल्याही आहेत.

प्रतिसाद

कळसूत्री म्हटले की मराठी माणसाला सूत्र दिसते, म्हणजे दोरी ओढणारा कोणीतरी. इथे ओढणारा कोणी नाही. किल्ली दिली की आतली कमान (स्प्रिंग) उलगडते, खुंट्यांचे पिंप फिरते आणि त्या खुंट्या घंटिकांच्या हातोड्या उचलतात. माणूस बाजूला झाल्यावरही घड्याळ वाजत राहते, हेच तर पाहणाऱ्याला थक्क करणारे होते.

चिनी नावही हेच सांगते. झिमिंगजोंग म्हणजे आपोआप नाद करणारी घंटा. १६०१ मध्ये मात्तेओ रिची या जेझुइट पंथाच्या ख्रिस्ती पाद्रीने चीनच्या वानली बादशहाला घड्याळे भेट दिली (चीनला जाण्याआधी हा रिची गोव्यात राहिला होता). झिमिंगजोंगमधला ‘जोंग’ म्हणजे घंटा, आणि घड्याळही. आपल्या ‘तास’चेही तसेच आहे. तास म्हणजे ठोके द्यायची काशाची थाळी, आणि तिच्यावरूनच साठ मिनिटांचा तास. ‘घड्याळ’ मात्र पाण्याच्या घटीवरून आले. चिनी शब्दाला सख्खा असा आपल्याकडे ‘तास’च आहे.

जाता जाता, चिनीत घड्याळ भेट देणे आणि मरणाऱ्याच्या उशाशी बसून त्याला निरोप देणे यांचा उच्चार एकच. म्हणून आजही तिकडे घड्याळ भेट देणे अशुभ मानतात. अठराव्या शतकातल्या छ्येनलुंग बादशहाच्या महालात मात्र ही घड्याळे ढिगाने जमली, आणि बेजिंगच्या राजवाडा संग्रहालयात आजही त्यांचे स्वतंत्र दालन आहे.

प्रतिसाद

‘तास’ सुंदर आहे, पण आजच्या वाचकाला तास म्हणजे शाळेचा तास. आपल्याकडे याहून जिवंत शब्द आहे: हलता देखावा. गणपतीत मंडळासमोर रांगेत उभे राहून आपण हेच तर पाहतो. मोटर फिरते, मूर्तींचे हात हलतात, मागे गाणे चालू असते. फरक इतकाच, की या घड्याळात मोटरीऐवजी कमान आहे. लहानपणी वडिलांच्या खांद्यावरून पाहिलेला पहिला हलता देखावा मला अजून आठवतो, आणि त्या छ्येनलुंग बादशहाला काय वाटले असेल ते या शब्दामुळेच मला कळते.

मूळ प्रश्नकर्ती

‘हलत्या देखाव्याचे घड्याळ’. हाच घेते! मीच या शब्दाला उगाच मंडपात कोंडून ठेवले होते. लंडनचा जवाहिरा जेम्स कॉक्स याच्या दुकानातून गेलेल्या घड्याळांना तो चपखल बसतो: खाली डबी, वर हत्ती किंवा रथ, त्यावर मनोरा, आणि मनोऱ्याच्या पोटात घड्याळाची एवढीशी तबकडी. वेळ दाखवणे हे तिथे दुय्यमच. झिमिंगजोंग हा शब्द लेखात एकदा अर्थासकट देईन. सिंगसाँग फक्त व्यापाऱ्यांच्या संदर्भात ठेवीन, कारण तो विकणाऱ्यांचा शब्द आहे.

एकच अडते. टिमथी विल्यमसन या लंडनच्या घड्याळजीने केलेल्या घड्याळात गुडघा टेकून बसलेला युरोपीय पुतळा कुंचल्याने कागदावर आठ चिनी अक्षरे लिहितो. त्याला ‘हलता’ म्हणणे फारच कमी वाटते.

प्रतिसाद

‘लिहिता पुतळा’ म्हणा. बोलता पोपट म्हणतो, तसे.