विद्यापीठाच्या किनारा केंद्राला एक किलोमीटर खडप (किनाऱ्याचा खडकाळ पट्टा) बंद करून द्यावं का?

खडपवेडा:
एमएस्सीला असताना एका विद्यापीठाच्या किनारा केंद्रावर आठ महिने काढलेत. काम काय, तर दर आमोशा-पुनवेच्या सुकतीला (ओहोटीला) खडपावर जायचं आणि खिळे ठोकून आखलेल्या चौकटींत कालवं किती, बार्नॅकल किती (होडीच्या बुडाला चिकटतात ते), गोगलगायी किती ते मोजायचं. कंबर मोडते अक्षरशः. चौथ्या महिन्यात गेलो तर बारापैकी सात चौकटी साफ, कोणीतरी कालवं फोडून नेलेली, वर दोन खिळेही गायब. गाईड म्हणाले, लिही "मानवी हस्तक्षेप" आणि पुढे चल. लिहिलं. पण अभ्यास करायचा तर त्याचाच करायला हवा होता हे नंतर कळलं.

चिलीत लास क्रूसेसला तिथल्या कॅथलिक विद्यापीठाचं केंद्र आहे. १९८२ च्या अखेरीस त्यांनी आपल्या समोरचा किनारा सरळ बंद केला, कोणी काही काढायचं नाही. तिकडे लोको म्हणून मोठी मांसल गोगलगाय असते, लोक चवीने खातात, जपानपर्यंत जायची. माणसं काढेनाशी झाल्यावर लोको वाढली, तिने खडकावरचे शिंपल्यांचे थर फस्त केले आणि त्या जागी बार्नॅकल आले. बाहेर शिंपल्यांचा थर होता तसाच. म्हणजे सगळे ज्याला नैसर्गिक किनारा समजत होते तो माणसाने लोको उचलून उचलून केलेला होता! खाली दक्षिणेला मेहुईनला दुसऱ्या एका विद्यापीठाने १९७८ पासून हेच केलं होतं, तिथेही आतला आणि बाहेरचा किनारा वेगवेगळा दिसायला लागला.

तर माझं मत: कोकणात विद्यापीठाचं जे जे केंद्र आहे त्याला एक किलोमीटर खडप दहा वर्षं पूर्ण बंद करून द्या. त्याशिवाय आपला किनारा मुळात कसा होता हेच कळणार नाही. रत्नागिरीच्या सागरी जीवशास्त्र संशोधन केंद्राचं नाव काढलं की लोकांना मत्स्यालय आणि देवमाशाचा सांगाडा आठवतो. बघायला छान आहे, मीही लहानपणी दोनदा गेलोय, पण अशा केंद्राची ओळख तेवढीच राहू नये.

सुकतीची_वाट:
एक किलोमीटर कुणाचा, ते आधी सांग. तुझ्या चौकटीतली कालवं ज्यांनी नेली त्यांना तू "कोणीतरी" म्हणतोस, आमच्याकडे ती आई असते, काकी असते. पाणी सुकलं की कोयती घेऊन दोन-अडीच तास वाकून कालवं फोडायची, त्या गराच्या पैशांत घरातला आठवड्याचा बाजार होतो. बोट नाही, जाळं नाही, परवाना नाही, कुठल्या सोसायटीत नाव नाही, त्यामुळे नुकसानभरपाईच्या यादीतही ती नाही. बंद केलं की पहिली बाहेर तीच. आणि मोजायला कोण येणार, तर पुण्याहून टोपी घालून तू.

वायरीचो_झील:
मालवणचं कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो. १९८७ मध्ये आमच्याकडे सागरी अभयारण्य जाहीर झालं, २९.१२ चौरस किलोमीटर, त्यातलं ३.१८ गाभा क्षेत्र, सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगडाच्या आजूबाजूचं. कागदावर सुंदर. पण मच्छीमारांनी सुरुवातीपासून विरोध केला, कारण आमका कोण विचारता? त्या एका प्रकारामुळे आजही इथे "संरक्षित" हा शब्द उच्चारला की चहा थंड होतो. उद्या विद्यापीठ आलं पाटी घेऊन तरी लोकांना तेच आठवणार.

खडपवेडा:
@सुकतीची_वाट टोपी मान्य. पण चिलीचं पुढचं ऐक. लोकोची इतकी लूट झाली की १९८९ ते १९९२ ती काढायलाच बंदी घालावी लागली. १९९१ च्या मासेमारी कायद्यात मग अशी सोय केली की मच्छीमारांच्या संघटनेने समुद्रतळाचा एक तुकडा मागायचा, त्यात किती लोको आहेत ते शास्त्रज्ञांकडून मोजून घ्यायचं आणि ठरल्या कोट्याइतकं त्यांनीच काढायचं. दुसरा कोणी नाही. याच्यामागे लास क्रूसेससारख्या केंद्रांचा हात होता, बंद तुकड्यात लोको परत येते हे लोकांना डोळ्याने दिसलं होतं. म्हणजे केंद्राने बंद केलेल्या किनाऱ्यातून शेवटी हक्क मच्छीमारालाच मिळाला.

नकटा_बांगडा:
चिलीचं अर्धंच सांगितलंस. लोकोची चोरी तिथे आजही चालते, रात्री डायव्हर उतरतात आणि राखण संघटनेनेच करायची, पेट्रोल-होडीचा खर्च त्यांच्याच खिशातून. शिवाय हक्क मिळाला तो संघटनेत नाव असलेल्यांना. ओहोटीला हाताने वेचणाऱ्यांचं काय, हाच तर @सुकतीची_वाट चा प्रश्न आहे आणि तू तो उडवलास.

आणि मुळात एक किमी खडपाने काय होणार? आमचं मरण पर्ससीनमध्ये आहे (अख्खा थवा घेरणारं मोठं जाळं), रात्री एलईडी दिवे लावून मासे मारतात त्यात आहे. बांगडा, तारली काय तुझ्या खडपाला चिकटून बसतात का? केंद्राला पैसे द्यायचेच तर जेट्टीवर उतरणारा मासा रोज मोजायला द्या.

मोजपट्टी:
मी अभ्यासाच्या बाजूचा, पण बंदीच्या विरोधात. बंद न करताही कळतं. कॅलिफोर्नियात स्टॅनफर्ड विद्यापीठाचं हॉपकिन्स केंद्र आहे, १८९२ चं. तिथे १९३१ ते ३३ मध्ये एका पीएचडीच्या विद्यार्थ्याने खडकात बोल्ट ठोकून रेघ आखली आणि चौकटी मोजल्या. साठ वर्षांनी, १९९३ ला, दुसऱ्या विद्यार्थ्यांनी तेच बोल्ट शोधून त्याच चौकटी परत मोजल्या. दक्षिणेकडच्या गरम पाण्यातल्या नऊपैकी आठ जाती वाढलेल्या, उत्तरेकडच्या आठपैकी पाच कमी झालेल्या, दरम्यान किनाऱ्याचं पाणी सुमारे पाऊण अंशाने तापलेलं. खर्च काय, तर बोल्ट. आपल्याकडे ठोकायला कोणीही येतं, साठ वर्षांनी तो सापडेल अशी वही कोण जपून ठेवतं? केंद्राचं खरं काम ती वही.

खडपवेडा:
@मोजपट्टी वहीबद्दल शंभर टक्के. पण तुझं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे रे! हॉपकिन्ससमोरचा किनारा १९३१ पासून राखीव आहे. म्हणून तर साठ वर्षांनी फरक दिसल्यावर तो पाण्याचा की कोयतीचा हा घोळ झाला नाही. माझे तर चार महिन्यांत खिळेच गेले.

@नकटा_बांगडा जेट्टीवर मोजा, मी कुठे नाही म्हणतोय. पर्ससीनचा प्रश्न खडप बंद करून सुटणार नाही, पण पर्ससीनचा प्रश्न आहे म्हणून खडपाचं काहीच विचारायचं नाही हेही बरोबर नाही. आणि हाताने वेचणाऱ्यांचं मी उडवलं, चूक झाली.

मोजपट्टी:
राखीवचं माहीत नव्हतं. घेतले शब्द मागे, वही सोडून.

वायरीचो_झील:
आकडा मुंबई-पुण्यात बसून ठरवू नका एवढंच. एक किमी का, दोनशे मीटर का नको?

सुकतीची_वाट:
आईला आत्ताच फोनवर विचारलं. ती म्हणते आमच्या खडपाच्या उत्तरेच्या टोकाला वाडीतल्या बायका तसंही दोन-तीन वर्षं जात नाहीत, तिथली कालवं बारीक राहतात म्हणून मोठी होऊ देतात. कोणी पाटी लावलेली नाही. जाणाऱ्या बाईला बाकीच्या बोलतात, बस. म्हणजे तुझा बंद तुकडा आमच्याकडे आधीपासून आहे आणि तुझ्या विद्यापीठाला त्याचा पत्ता नाही.

खडपवेडा:
दोन-तीन वर्षं?? नक्की कधीपासून ते आठवतंय का त्यांना? शेजारच्या चालू खडपाशी लगेच तुलना करता येईल. मी येऊ का पुढच्या पुनवेला?

सुकतीची_वाट:
ये. पण मोजायला तिलाच घ्यायचं, आणि कालवांच्या एका दिवसाचे तिचे जेवढे बुडतील तेवढे आधी द्यायचे. किती ते ती सांगेल, तू नाही.