मदत हवी आहे: लेकरांना आहाराचं सगळं पाठ, पण खातात पुडेच

नमस्कार मंडळी, मी बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरी-चौथीला शिकवते. माझ्या वर्गाला प्रथिनं, जीवनसत्त्वं काहीही विचारा, धडाधड सांगतात, लोह कशातून मिळतं म्हणलं की सगळे "पालेभाजी, गूळ, खजूर" म्हणून एका सुरात ओरडतात. आणि परवा त्याच प्रश्नाला पैकीच्या पैकी मार्क घेतलेली पोरगी दुपारी खिचडीतलं मेथीचं एकेक पान बोटानं वेचून ताटाच्या कडेला लावत बसली होती. म्हणजे माहितीत कमी नाहीत हो, अडतंय भलतीकडंच.

सकाळी बरेच जण चहात बटर नाहीतर टोस्ट बुडवून खातात आणि तसंच शाळेत येतात, छोट्या सुट्टीत समोरच्या दुकानातून पाच रुपयाचा पुडा. पोषण आहारात पाचवीपर्यंतच्या लेकरामागं १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी धरलेली असते, ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं पोटात जावीत म्हणून, पण पुडा खाल्लेलं लेकरू अर्धं ताट तसंच ठेवतं, मग कुठल्या कॅलरी नि कुठलं काय. वरून जेवणासोबत चहा घेतला की अन्नातलं लोह अंगाला नीट लागत नाही, हे तर घरी कोणालाच माहीत नसतं.

खरी अडचण पुढं आहे. दिवाळी झाली की आमच्याकडचे कितीतरी आईबाप ऊसतोडीला जातात, पार उन्हाळा लागेस्तोवर, लेकरं आजीपाशी. लेकरू आईच्या आठवणीनं रडाय लागलं की म्हातारी कनवटीचे पाच रुपये काढून देते. तिला मी "हे देऊ नका" कोणत्या तोंडानं सांगू? माया आहे ती. आणि ह्याच आज्या ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, शेंगदाण्याची चटणी खाऊन शेतात राबलेल्या, त्यांना आहाराचा तक्ता दाखवणं मला तरी पटत नाही.

म्हणून विचारते, आज्यांशी ह्या विषयावर बोलून कोणाला फरक पडलाय का, आणि सुरुवात कशी केली? पालकसभेला त्या येत नाहीत, घरी जायची माझी तयारी आहे. दुसरं, दुकानदाराला गोड बोलून पुड्यांऐवजी फुटाणे, शेंगदाण्याची चिक्की ठेवायला कोणी लावलं असेल तर सांगा, पाच रुपयात त्याला परवडतं का, बरणीतलं देतो का पाकिटातलं? आणि सकाळी उठून भाकरी थापणं ज्या म्हातारीला होत नाही तिच्या घरी चहा-बटरऐवजी काय चालेल, रात्रीची भाकरी दुधात कुस्करून दिली तर लेकरं खातात का? गॅस सगळ्यांकडं नाही आणि दूधही रोज मिळेलच असं नाही, तेवढं धरून सांगा. ऊसतोडीच्या पट्ट्यातल्या शिक्षकांनी तर नक्की लिहा, नोव्हेंबरच्या आत काहीतरी सुरू करायचंय.