पोर्तुगीज जोडीदाराला गोव्यात आणायचे आहे: आधी पर्यटक व्हिसा, की आधी लग्न?

प्रश्न | कुळागरवाली, फोंडा (सध्या लिस्बन)

मी मूळची फोंडा तालुक्यातली असून गेली 6 वर्षे लिस्बनमध्ये नोकरी करते. माझा पासपोर्ट भारतीयच आहे. माझा जोडीदार पोर्तुगालचा नागरिक आहे आणि त्याच्या घराण्याचा गोव्याशी किंवा भारताशी कधीही संबंध आलेला नाही. आमचे लग्न अद्याप झालेले नाही. वडील गेल्यानंतर आई घरी एकटी आहे, माडा-पोफळींच्या कुळागराकडे पाहणारे कोणी उरलेले नाही, आणि भाऊ बंगळूरहून वर्षातून एकदा चतुर्थीपुरता येतो. त्यामुळे येत्या दोन-तीन वर्षांत आम्ही दोघांनी कायमचे गोव्यात यावे असे ठरवले आहे.

माझ्या मनातली योजना अशी आहे की जोडीदाराने 5 वर्षांचा ई-पर्यटक व्हिसा काढावा, आमच्या घरी राहून पाहावे, त्याचे संगणकावरचे काम येथूनच चालू ठेवावे, आणि सगळे जमते आहे असे वाटल्यावर आम्ही सावकाश लग्न करावे. आईला मात्र लग्नाआधी तो घरी राहायला आलेला चालणार नाही. तो प्रश्न वेगळा आहे आणि तो मी सोडवीन. व्हिसाच्या दृष्टीने ही योजना बरोबर आहे का, की आधी लग्न करून मग यावे? लग्न करायचे झाल्यास ते लिस्बनमध्ये करावे की गोव्यात? ज्यांनी हा मार्ग प्रत्यक्ष चालून पाहिला आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर 1 | डिचोलीकर

माझी पत्नी स्पेनची आहे आणि आम्ही गेली काही वर्षे डिचोलीत राहतो, म्हणून अनुभवाने लिहितो. आपली योजना ऐकायला सोपी वाटते, पण तिच्यात आपण सर्वांत मौल्यवान गोष्ट वाया घालवत आहात, आणि ती म्हणजे वेळ.

प्रथम पर्यटक व्हिसाविषयी. ई-पर्यटक व्हिसा 5 वर्षांचा मिळतो हे खरे. परंतु त्याचा अर्थ 5 वर्षे सलग राहता येते असा नाही. एका कॅलेंडर वर्षात एकूण 180 दिवसांपेक्षा अधिक राहता येत नाही, हा व्हिसा वाढवून मिळत नाही आणि नियमाप्रमाणे तो दुसऱ्या प्रकारात बदलूनही मिळत नाही. घरी बसून परदेशी कंपनीचे काम करणाऱ्यांसाठी भारतात वेगळा व्हिसा नाही, आणि पर्यटनासाठी दिलेल्या परवान्यावर महिनोन्महिने नोकरीचे काम करणे हा त्या परवान्याचा हेतू नव्हे. हणजुण्याला असे अनेक जण राहतात हे मलाही दिसते, परंतु ज्याला पुढे याच देशात कायमचे राहायचे आहे त्याने आपल्या नोंदीवर अशी शंका कशासाठी ओढवून घ्यावी?

दुसरी गोष्ट अशी की, लग्न न झालेल्या जोडीदारासाठी आपल्याकडे कोणताही व्हिसा नाही. युरोपातील काही देशांत एकत्र राहण्याच्या नोंदीवर परवाना मिळतो, तशी सोय येथे नाही. लग्न झाल्यावर मात्र दोन दारे उघडतात. भारतीय नागरिकाच्या पती किंवा पत्नीला एंट्री व्हिसा मिळतो, ज्याला सगळे एक्स व्हिसा म्हणतात. तो दीर्घ मुदतीचा आणि अनेक वेळा ये-जा करता येईल असा असतो. व्हिसाची मुदत 180 दिवसांहून अधिक असल्यास येथे पोहोचल्यापासून 14 दिवसांत परदेशी नागरिक म्हणून नोंदणी करावी लागते, आणि ती आता ई-एफआरआरओच्या (परदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयाच्या) संकेतस्थळावरून करता येते. या व्हिसाने नोकरीची मुभा आपोआप मिळत नाही, हे आपल्या जोडीदाराच्या बाबतीत विशेष महत्त्वाचे आहे.

दुसरे दार ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्डाचे. 2015 च्या दुरुस्तीने नागरिकत्व कायद्यात कलम 7ए आले आणि त्यात भारतीय नागरिकाच्या परदेशी जोडीदारालाही हे कार्ड मिळण्याची तरतूद झाली. अट अशी की विवाह नोंदलेला असावा आणि अर्ज करण्याच्या लगेच आधी तो सलग किमान 2 वर्षे टिकलेला असावा. त्याखेरीज सुरक्षा तपासणी आधी पूर्ण व्हावी लागते. कार्ड मिळाल्यावर आजीवन ये-जा, नोंदणीतून सुटका आणि खासगी नोकरी-व्यवसायाची मोकळीक मिळते. मतदान आणि सरकारी नोकरी मात्र नाही, आणि शेतजमीन, मळा किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही. नावात नागरिक हा शब्द असला तरी ते नागरिकत्व नव्हे. विवाह कायदेशीररीत्या संपुष्टात आला तर जोडीदार म्हणून मिळालेले कार्ड रद्द होऊ शकते.

आता माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे. ही 2 वर्षे भारतात काढलेली असावी लागत नाहीत. ती विवाहाची वर्षे आहेत. म्हणजे आपण येत्या डिसेंबरात लग्न नोंदवले, पुन्हा लिस्बनला जाऊन नोकरी केली आणि 2 वर्षांनी तेथूनच भारतीय दूतावासामार्फत अर्ज केला, तर आपण सामान घेऊन गोव्यात उतराल तेव्हा आपल्या पतीच्या हातात एक्स व्हिसाऐवजी ओसीआय कार्ड असेल. परदेशातून अर्जाचे शुल्क 275 अमेरिकी डॉलर आहे आणि भारतातून 15,000 रुपये. पर्यटक व्हिसावर राहून पाहण्यात आपण घालवलेले वर्ष या 2 वर्षांत धरले जाणार नाही. आम्ही नेमकी हीच चूक केली. दीड वर्ष पर्यटक व्हिसावर ये-जा केली, मग लग्न केले, आणि घड्याळ त्या दिवसापासून पुन्हा शून्यावरून सुरू झाले.

उत्तर 2 | म्हापशाची वकील

वरील उत्तरातील व्हिसाच्या मुद्द्यांशी मी सहमत आहे. परंतु प्रश्नकर्तीने आपल्या प्रश्नात कुळागराचा उल्लेख सहज केला असला तरी माझ्या दृष्टीने तोच या सगळ्याचा गाभा आहे.

गोव्यात विवाहाची नागरी नोंदणी सर्वांना बंधनकारक आहे आणि ती दोन टप्प्यांत होते. तालुक्याच्या नागरी निबंधकासमोर दोघांनी विवाहाचा इरादा जाहीर करून पहिली सही करायची, हरकतींसाठीची मुदत जाऊ द्यायची आणि मग दुसरी सही करायची. दोन्ही वेळी वर आणि वधू हजर असावे लागतात, म्हणून आपल्या जोडीदाराने चार दिवसांची सुटी काढून येऊ नये. त्याचा जन्मदाखला अपोस्टिल (परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून प्रमाणित) केलेला असावा आणि तो इंग्रजीत भाषांतरित करून घ्यावा. पोर्तुगाल आणि भारत हे दोन्ही देश अपोस्टिल करारात असल्यामुळे हे काम तुलनेने सरळ आहे. अविवाहित असल्याच्या दाखल्याची मुदत संपत असते, म्हणून तो फार आधी काढून ठेवू नये. पोर्तुगालचे महावाणिज्य दूतावास पणजीतच असल्यामुळे एखादा कागद कमी पडला तर लिस्बनला धावावे लागणार नाही, ही सोय इतर देशांच्या नागरिकांना येथे सहसा मिळत नाही.

येथे एक अनुभव सांगते. माझ्याकडे आलेल्या एका जोडप्याची पहिली सही एका कार्यालयात केवळ आडनावामुळे अडली. पोर्तुगीज नावात आधी आईचे आणि शेवटी वडिलांचे आडनाव येते. पासपोर्टवर दोन्ही होती आणि दाखल्यावर एकच. दोन्ही कागदांवरची अक्षरे आजच समोरासमोर ठेवून ताडून पाहा.

आता मालमत्तेविषयी. पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या आपल्या नागरी कायद्याप्रमाणे, लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर पती-पत्नींची सर्व मालमत्ता, लग्नाआधीची आणि वारसाने येणारी धरून, सामाईक होते आणि प्रत्येकाचा त्यात अर्धा वाटा असतो. हा कायदा किती दूर पोहोचतो हे सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये स्पष्ट केले: गोव्यात अधिवास असलेल्या व्यक्तीच्या गोव्याबाहेरच्या, पण भारतातील, मालमत्तेलाही तोच लागू होतो. गोव्यातल्या कोणत्याही विक्रीखतावर मुलींच्या बरोबरीने जावयांच्या सह्या का असतात, हे आपल्याकडे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. आपल्या आईच्या पश्चात इन्व्हेंटरी (वारसांमधील वाटणीची न्यायालयीन प्रक्रिया) निघेल तेव्हा आपल्या भावाला परदेशी जावयाचीही सही लागेल. त्यातून कुळागर ही शेतजमीन, आणि परदेशी व्यक्तीच्या स्थावर मालमत्तेवर फेमाचे (परकीय चलन व्यवस्थापन कायद्याचे) निर्बंध. हे तीन धागे एकत्र गुंतले की त्याचा निकाल लावताना वकिलांनाही घाम फुटतो.

उपाय आहे, पण तो लग्नाच्या आधीच करायचा असतो. मालमत्ता स्वतंत्र ठेवण्याचा विवाहपूर्व करार नोंदणीकृत दस्ताने करून मगच लग्न नोंदवावे. लग्न झाल्यावर ही पद्धत बदलता येत नाही. असा करार म्हणजे नवऱ्यावर अविश्वास, असे घरातली मंडळी म्हणतील. आपण त्यांना भावाला लागणाऱ्या जावयाच्या सहीचे उदाहरण द्यावे.

लग्न लिस्बनमध्ये करण्यास कायद्याची आडकाठी नाही, परंतु तेथे करून येथे येणाऱ्यांपैकी बहुतेक जण हा करार विसरतात, म्हणून माझे मत गोव्याच्या बाजूने आहे.

उत्तर 3 | मडगावचो

सर्वांनी एक सोपा मार्ग का सोडून दिला आहे ते कळत नाही. आमच्या घरात आजोबांच्या जन्मनोंदीवर अर्ध्या कुटुंबाने पोर्तुगीज पासपोर्ट काढले. आपण तेथेच राहता; आपणही पोर्तुगीज नागरिकत्व घ्यावे, आपण ओसीआय घ्याल आणि ओसीआयधारकाचा जोडीदार म्हणून तोही घेईल.

उत्तर 4 | डिचोलीकर

मडगावच्या मित्रांचे म्हणणे कागदावर बरोबर आहे, कारण ओसीआयधारकाच्या जोडीदारालाही कलम 7ए लागू होते. परंतु परदेशी नागरिकत्व स्वेच्छेने घेताच कलम 9 प्रमाणे भारतीय नागरिकत्व संपते, कारण भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. म्हणजे कुळागर सांभाळायला परत येणारी व्यक्ती स्वतःच यापुढे एक गुंठाही शेतजमीन विकत घेऊ शकणार नाही आणि तिचा मताचा हक्कही जाईल. शिवाय तिच्या पतीची 2 वर्षांची अट त्यामुळे एका दिवसानेही कमी होत नाही. ज्याला युरोपातच राहायचे आहे त्याला हा मार्ग योग्य असेल. प्रश्नकर्तीला उलट दिशेने यायचे आहे.

प्रश्नकर्तीचे उत्तर | कुळागरवाली

सर्वांचे मनापासून आभार. 2 वर्षे लग्नाच्या नोंदणीपासून मोजली जातात आणि ती लिस्बनमध्येही मोजली जातात, हे मला खरोखरच ठाऊक नव्हते. मी ती भारतातल्या वास्तव्याची समजत होते. काल रात्री भावाशी बोलले. जावयाच्या सहीचा मुद्दा सांगताच तो स्वतःच म्हणाला की करार आधी करू, त्यामुळे तो विषय माझ्या अपेक्षेपेक्षा लवकर मिटला. तुळशीच्या लग्नानंतर आम्ही सहा आठवड्यांची सुटी काढून येत आहोत. त्यासाठी तो ई-पर्यटक व्हिसाच काढेल, कारण सह्या झाल्यावर आम्हाला परतच जायचे आहे. आईची प्रकृती बिघडून लवकर यावे लागले तर एक्स व्हिसाचा अर्ज लिस्बनच्या दूतावासात करू.

एक छोटी शंका उरली. सह्यांच्या त्या आठवड्यांत तो आमच्या घरी न राहता म्हार्दोळला मावशीकडे राहील. ते हॉटेल नसल्यामुळे पोलिसांना काही कळवावे लागते का?

उत्तर 5 | डिचोलीकर

कळवावे लागते. परदेशी पाहुण्याची माहिती देण्याचा फॉर्म सी हा केवळ हॉटेलवाल्यांसाठी आहे हा गैरसमज गोव्यात सर्वत्र आहे. परदेशी व्यक्तीला घरी ठेवून घेणाऱ्या यजमानानेही तो 24 तासांच्या आत ऑनलाइन भरायचा असतो. मावशींच्या नावाने खाते उघडावे लागेल, त्यांच्या घराचा पुरावा लागेल, आणि जोडीदाराच्या पासपोर्टची व व्हिसाची प्रत लागेल. हे खाते आपण लिस्बनमध्ये असतानाच उघडून ठेवा, नाहीतर विमान मोपाला पहाटे उतरेल आणि मावशी ओटीपीच्या प्रतीक्षेत बसतील. भरलेल्या फॉर्मची छापील प्रतही जपून ठेवा. आमच्या एक्स व्हिसाच्या नोंदणीच्या वेळी राहत्या पत्त्याविषयी प्रश्न आला, तेव्हा तोच कागद उपयोगी पडला.