गरोदरपणातलं व्यसन आणि मूल: संशोधन नक्की कोणाच्या कामाचं?

निरीक्षक
अमेरिकेत एक मोठा अभ्यास सुरू आहे. सुमारे ७,००० मुलांची वाढ आणि मेंदू, आईच्या पोटात असल्यापासून दहाव्या वर्षापर्यंत तपासत राहायचं. गरोदरपणी दारू, तंबाखू, गांजा किंवा ओपिऑइड (अफूच्या जातीची वेदनाशामकं आणि नशेची द्रव्यं) घेतलेल्या आयांची मुलं त्यात मुद्दाम घेतली आहेत. माझ्या मते हे व्हायलाच हवं. अभ्यास नसला की काय होतं पाहा: साठ-सत्तरच्या दशकात अवेळी सुरू झालेल्या कळा थांबवायला डॉक्टरच गरोदर बाईच्या शिरेतून अल्कोहोल देत! १९६८ मध्ये फ्रान्सच्या लमॉइन यांनी दारूचे परिणाम दिसणाऱ्या मुलांबद्दल लिहिलं, फारसं कोणी वाचलं नाही. १९७३ मध्ये सिअ‍ॅटलच्या जोन्स आणि स्मिथ यांनी त्याच खुणा (बारीक डोळे, वरच्या ओठाची पातळ कड, खुंटलेली वाढ) नोंदवल्या, त्याला नाव दिलं, तेव्हा कुठे जाग आली.

काठावरची
असहमत. दारूचं उदाहरण सोयीचं आहे, कोकेनचं घ्या. १९८५ चा पहिला गाजलेला लेख अवघ्या २३ बायकांवरचा. त्यावरून वर्तमानपत्रांनी 'क्रॅक बेबी' (क्रॅक म्हणजे कोकेनचाच एक प्रकार) नावाची आख्खी वाया गेलेली पिढी उभी केली. साउथ कॅरोलायनातल्या चार्ल्सटनमध्ये एका सरकारी रुग्णालयाने गरोदर बायकांची लघवी त्यांना न विचारता तपासून निकाल पोलिसांना दिले. बायकांना अटक झाली. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हे घटनाबाह्य ठरवलं २००१ मध्ये. मग मला सांगा, संशोधन कोणाच्या हातात पडलं?

निरीक्षक
आणि ती भीती खोडली कोणी? फिलाडेल्फियात हॅलम हर्ट यांनी १९८९ पासून दोनशेवर बाळं वर्षानुवर्षं तपासत ठेवली, निम्मी कोकेनच्या संपर्कातली, निम्मी नाही, सगळी गरीब घरांतली. चौथ्या वर्षी बुद्ध्यांक ७९ आणि ८२ च्या आसपास, म्हणजे दोन्ही गट जवळजवळ सारखेच आणि दोन्ही सरासरीच्या खाली. कोकेनपेक्षा गरिबीच जड निघाली. हेही संशोधनच की!

काठावरची
हो, पण कित्येक वर्षांनी. तोवर शाळेत ज्याच्या कपाळी शिक्का बसला त्याला काय उपयोग?

शंकासुर
तुम्ही दोघं भांडत बसा, मला पद्धतीचीच काळजी. गरोदर बायकांच्या चिठ्ठ्या टाकून अर्ध्या जणींना सिगारेट ओढायला लावता येत नाही, हे बरंच आहे म्हणा. पण त्यामुळे ओढणारीचं घर, ताण, खाणं, बापाचं व्यसन, सगळं एकाच गाठोड्यात येतं. ते सोडवायला काहींनी एकाच आईची दोन मुलं ताडून पाहिली: एकाच्या वेळी ओढली, दुसऱ्याच्या नाही. कमी वजनाचा परिणाम तिथेही टिकला. अतिचंचलतेशी दिसणारा संबंध मात्र बराचसा विरला. दुसरं, विचारलं तर खरं कोण सांगणार? बाळाची पहिली काळी शी तपासतात, पण ती साधारण शेवटच्या काही महिन्यांचंच सांगते. पहिल्या तीन महिन्यांबद्दल आईच्या तोंडाकडेच पाहावं लागतं.

गप्पगार
पहिल्यांदाच लिहितेय. मी पहिले तीन महिने ओढत होते. तपासणीच्या फॉर्मवर 'नाही' वर खूण केली. मूल आता अकरा वर्षांचं आहे, वाचायला जरा अडखळतं. ते त्यामुळे की नाही हे मला कोणीच सांगू शकणार नाही, कारण माझ्या कागदावर 'नाही' आहे. असे कागद किती असतील?

निरीक्षक
ताई, लिहिलंत हे बरं केलंत. अमेरिकेत अशा सरकारी पैशातल्या अभ्यासांना गोपनीयतेचं प्रमाणपत्र असतं, न्यायालयालाही नाव मागता येत नाही. तसं लेखी दिलं असतं तर खरं सांगितलं असतंत?

काठावरची
प्रमाणपत्राचं पूर्ण सांगा ना. मुलाच्या छळाची माहिती द्यायचे राज्यांचे कायदे त्याने थांबत नाहीत, आणि काही राज्यांत गरोदरपणातलं व्यसनच छळात मोजतात.

गप्पगार
निरीक्षक, कायद्याचं मला तेव्हा सुचलंही नव्हतं. फॉर्म भरताना नवरा शेजारी बसला होता. त्याला माहीत नव्हतं.