मदत हवी आहे: क्रोशाची पिशवी पुढून ३६ सेंमी, मागून ३९!

गुंता

नमस्कार मंडळी. चर्चेचा धागा लांबणार आहे, आधीच सांगते.

फुलांचे ग्रॅनी स्क्वेअर (मधून सुरू करून फेऱ्याफेऱ्यांनी वाढवलेले क्रोशाचे चौकोन) जोडून खांद्याला लावायची पिशवी करते आहे. पुढे ९ आणि मागे ९, तीन बाय तीन. दोन्ही कडा आणि तळ मिळून ८ सेंमी रुंदीची एकच सलग पट्टी. चौकोनात मधे १६ खांबांचा पिवळा गाभा, त्यावर ८ मरून पाकळ्या, मग क्रीम रंगाच्या फेऱ्या घालून गोलाचा चौकोन. मी खांब म्हणते तो टाका म्हणजे अमेरिकन व्हिडिओतला डबल आणि ब्रिटिश पुस्तकातला ट्रेबल. हे आत्ताच लिहिलेलं बरं, नाहीतर पहिले दहा प्रतिसाद त्यावरच जातील.

पिशवी माझ्यासाठी नाही. गौरीला आम्ही सगळे डोंबिवलीला थोरल्या जाऊबाईंकडे जमतो. गेल्या वर्षी भर पंगतीत "वहिनी, पुढच्या गौरीला तुम्हाला माझ्या हातची पिशवी" असं बोलून बसले. त्यांनी स्वतः तोरणं, टीव्हीवरचे रुमाल, अख्ख्या घराण्यातल्या बाळांची टोपडी विणलेली आहेत. म्हणजे पिशवी हातात पडली की त्या ती आधी उलटी करून आतून बघणार.

मी राहते ठाण्याच्या कोपरीला, नोकरी तुर्भ्याला. निम्मं काम ट्रान्स हार्बर लोकलच्या लेडीज डब्यात झालंय. एका चौकोनाला तीन रंग म्हणजे सहा टोकं, अठरा चौकोनांची १०८. सुईत ओवून एकेक टोक आत लपवताना जपमाळच ओढतेय असं वाटत होतं.

काल रात्री सगळे चौकोन पलंगावर मांडले आणि पोटात गोळा आला. पहिले ९ प्रत्येकी १२ सेंमीचे, नंतरचे ९ प्रत्येकी १३ चे! टाके तीन वेळा मोजले. शेवटच्या फेरीत एका बाजूला २२ खांब, दोन्हीकडे तेवढेच. दोरा तोच, एकदम घेतलेला.

दुसरं दुखणं पट्ट्याचं. मुक्या खांबाचा (अमेरिकन सिंगल, ब्रिटिश डबल) ४ सेंमी रुंद, ७० सेंमी लांब पट्टा केला. त्यात डबा, पाण्याची बाटली आणि छत्री घातलेली साधी पिशवी अडकवून दाराच्या कडीला रात्रभर टांगली. सकाळी ८४ सेंमी. जाऊबाई उंचीने पाच फूट आहेत. पिशवी गुडघ्याला लागेल.

९ चौकोन उसवायचे का? आणि या पट्ट्याचं काय करू?

नौपाडाकर

उसवू नका!! वाफ देऊन ताणा. थर्माकोलच्या शीटवर १३ चा चौकोन आखा, टाचण्यांनी चारी कोपरे ताणून बसवा, वरून इस्त्रीची वाफ. वाळला की तसाच राहतो.

टाकेवाली

थांबा थोडं. १२ चा १३ करायला बाजू आठ टक्क्यांनी ताणायची म्हणजे चेष्टा नाही. पाकळ्यांच्या मधे भोकं दिसतील आणि पहिल्या धुण्यात परत १२. ब्लॉकिंग (असं ताणून, वाफवून बसवणं) एकसारखे चौकोन नीटस करायला असतं, लहानाचा मोठा करायला नव्हे.

आणि दोरा नक्की कशाचा आहे? ॲक्रिलिक असेल आणि इस्त्री टेकली तर फूल चपटं होऊन चकाकायला लागेल, ते परत फुलत नाही. वीतभर दोरा चिमट्यात धरून मेणबत्तीवर जाळून बघा, खाली ताटली ठेवून. सुती असेल तर कागद जळल्यासारखा वास आणि मऊ राख. ॲक्रिलिक असेल तर वितळून काळा टणक मणी होतो.

उगाच एक

ऑनलाइन तयार मिळतात की अशा पिशव्या. एवढा खटाटोप?

टाकेवाली

@उगाच एक, त्यासुद्धा कुणीतरी हातानेच विणलेल्या असतात. स्वेटर मशीनवर विणतात, क्रोशाचं तसं मशीन नाही. स्वस्तात मिळाली तर त्या बाईला किती मिळाले असतील याचा हिशेब तुम्हीच करा.

गुंताताई, टाके तेवढेच, दोरा तोच, तर मग उरतो हात आणि उरते क्रोशाची सुई. मधे कधी सुई बदललीत का?

गुंता

अगं बाई!!

हो. रबाळ्याला उतरणाऱ्यांच्या गर्दीत कुणाचा तरी धक्का लागला आणि सुई दारातून खाली, थेट रुळांवर. दुसऱ्या दिवशी जांभळी नाक्याजवळच्या एका दुकानात गेले. नंबर आठवेना, म्हणून "साधारण एवढी" असं बोटांनी दाखवून आणली. जुनी ३.५ ची होती, बिलावर लिहिलेलं आहे. नवीवरचा नंबर हातात घासून गेलाय. चिरंजीव डिप्लोमाला आहेत. त्यांनी व्हर्नियर कॅलिपर आणून दांडा मोजला आणि मोठ्या रुबाबात जाहीर केलं: ४.० मिलिमीटर. वर, "आई, टॉलरन्स नावाची गोष्ट असते."

म्हणजे मी इतके दिवस गाडीच्या हादऱ्यांना दोष देत होते.

दोराही जाळून पाहिला. लेबलवर मिल्क कॉटन आहे. थोडी राख, थोडा मणी. म्हणजे मिश्रणच.

टाकेवाली

मग इस्त्री टेकवायची नाही. ओलं फडकं वर ठेवून लांबून वाफ.

सुई सापडली ते उत्तम. अर्ध्या मिलिमीटरने प्रत्येक टाका किंचित वाढतो आणि २२ टाक्यांत सेंटिमीटर होतो. यापुढे सुई मिमी बघूनच घ्या. जुने ब्रिटिश नंबर उलटे चालतात, नंबर मोठा तितकी सुई बारीक. अमेरिकन नंबर सुलटे, फक्त त्यांच्या बारीक स्टीलच्या सुयांचे उलटे. दुकानात दोन्हींची सरमिसळ असते.

आता उपाय. लहान ९ चौकोनांभोवती क्रीम रंगाची मुक्या खांबाची एक फेरी घाला. ती साधारण अर्धा सेंमी उंच होते. दोन्ही बाजूंनी अर्धा अर्धा धरला की १२ चे १३. प्रत्येक कोपऱ्यातल्या साखळीत ३ मुके खांब घाला, नाहीतर कोपरे गोल होतील. आधी एकाच चौकोनावर करून मोजा, मग बाकीचे आठ. फेरी लाटेसारखी व्हायला लागली तर टाके जास्त होताहेत. वाटीसारखी आत वळली तर कमी.

गुंता

पण मग पुढच्या बाजूची क्रीम चौकट मागच्यापेक्षा जाड दिसेल ना?

टाकेवाली

पुढचं आणि मागचं एकाच वेळी कुणाला दिसतं, ताई?

वाशीचा पूल

मी क्रोशे करत नाही, पण बॅगा शिवते. पट्ट्याबद्दल लिहिते.

क्रोशाच्या पट्ट्यावर वजन टाकायचंच नाही. तो फक्त दिसण्यापुरता. आत सुती निवार पट्टी घाला, पट्ट्यापेक्षा थोडी अरुंद, म्हणजे ३ सेंमीची. निवार क्रोशाच्या पट्ट्याखाली ठेवून दोन्ही कडांनी टाके घाला. महत्त्वाचं म्हणजे निवारीची टोकं पिशवीच्या काठाला शिवू नका. ती आत खाली उतरवून अस्तराला शिवा, निदान ८-१० सेंमी, चौकोनी शिवण आणि मधे फुली. म्हणजे डबा, बाटली, छत्री सगळं अस्तर आणि निवार उचलतात, फुलं नुसती मिरवतात.

अस्तर पिशवीपेक्षा अर्धा-पाऊण सेंमी लहान ठेवा. मोठं ठेवलंत तर वजन आधी क्रोशावर येईल आणि तळाला पोट सुटेल.

टाकेवाली

+१. आणि पट्टा आडव्या छोट्या ओळींत केला होतात का? ७-८ टाके, मग वळायचं, असं? तो जास्त ताणतो. लांबीएवढी साखळी घालून उभ्या लांब ओळी करा, साधारण ८ ओळींत रुंदी होते. ताणणं पूर्ण थांबत नाही, पण १४ सेंमी तरी वाढणार नाही. सुई ३.५ चीच, हात घट्ट.

गुंता

आडव्याच केल्या होत्या. पट्टा उसवते. चौकोन उसवायचे नाहीत या आनंदात पट्ट्याचं काही वाटत नाही.

अस्तराला कापड काय घेऊ? मरून रंग जाईल अशीही भीती आहे. चौकोन वाफवायच्या आधी एक धुऊन बघितला तर क्रीम कड किंचित गुलाबी झाली.

नौपाडाकर

रंगासाठी मीठ आणि व्हिनेगर. आमच्या आईची पद्धत. तासभर भिजवायचं.

टाकेवाली

नौपाडाकर, आईंचा मान राखून: दोरा रंगवताना रंग चढायला मीठ घालतात, तयार दोऱ्यातला सुटा रंग त्याने पक्का होत नाही. व्हिनेगर लोकरीच्या रंगांना चालतं, सुतीला उपयोग नाही. फार तर पिशवीला लोणच्याचा वास येईल.

जे केलंय ते थंड पाण्यात, प्रत्येक चौकोन वेगवेगळा, पाणी निवळेपर्यंत. भिजत ठेवायचे नाहीत, एकमेकांवर ठेवायचे नाहीत, लगेच टॉवेलमध्ये दाबून पंख्याखाली पसरून वाळवा. श्रावणातल्या हवेत दोन दिवस लागतील, घडी घालून ठेवलेत तर कुबट वास बसेल. गुलाबी झालेला चौकोन तळाजवळ, मागच्या बाजूला.

वाशीचा पूल

अस्तराला घरातले ब्लाउजपीस बघा. ओटीत आलेले दहा-बारा प्रत्येकीच्या कपाटात असतातच. त्यातले सुती निवडा, सुळसुळीत टेरिकॉट घेतलंत तर शिवताना हात टेकाल. ३९ चे दोन चौकोन आणि ११७ सेंमीची पट्टी, त्यातून मघाचा अर्धा-पाऊण सेंमी वजा, मग शिलाईसाठी कड जास्त धरून. एका ब्लाउजपीसमध्ये मावलं नाही तर दोन घ्या. पट्टीला मधे जोड आला तर तो तळाला येऊ द्या, तिथे दिसत नाही. कापड आधी धुऊन आटवून घ्या. अस्तर हवंच, कारण पाकळ्यांच्या मधून पेन आणि किल्ल्या बाहेर डोकावतात.

गुंता

अपडेट.

नऊच्या नऊ चौकोनांना फेरी झाली. आठ १३ भरले. एक १२.७, तो मधोमध लावला. वजनकाट्यावर ठेवून पाहिलं, आधी लहान १४ ग्रॅमचे आणि मोठे १६ चे होते, आता बरोबरीला आलेत. निवार बाजारात गुंडाळीने मिळाली, हवी होती दीड मीटर, दुकानदार म्हणाला अख्खी घ्या. घेतली. उरलेल्यातून आणखी निदान चार पिशव्या होतील. कुणाला कबूल करणार नाही.

नवीन अडचण. लहान चौकोनांना फेरी घातल्यामुळे एका बाजूला २४ टाके झाले, मोठ्यांना २२. कडेच्या पट्टीला टाक्याला टाका लावून जोडायचं ठरवलं होतं, ते दोन्ही बाजूंना सारखं जमेना.

टाकेवाली

टाके मोजून जोडू नका, सेंटिमीटर मोजून जोडा. पट्टीच्या दोन्ही कडांना दर १३ सेंमीवर वेगळ्या रंगाच्या दोऱ्याची खूण बांधा. चौकोनांचे कोपरे त्या खुणांना सेफ्टी पिनांनी अडकवा. जास्तीचे दोन टाके दर दहा-अकराव्या टाक्याला पट्टीच्या एकाच भोकात दोन घेऊन जिरवायचे. बोटांना कळत नाही, डोळ्यांनाही नाही.

नौपाडाकर

आणि जाऊबाईंना?

टाकेवाली

अस्तर लावल्यावर आतून काय दिसणार त्यांना, ब्लाउजपीस!

गुंता

हाहा. पण ब्लाउजपीस त्यांनीच दिलेला निघाला तर? दोन वर्षांपूर्वीच्या हळदीकुंकवाचा एक मोरपंखी सुती आहे आणि मला दाट शंका आहे. मी सरळ साधं क्रीम मांजरपाट आणते.

पिना लावून झाल्या. उद्या १० नंबरच्या फलाटावर बसायला जागा मिळाली तर जोडायला घेते, गाडीत पिना काढायची माझी हिंमत नाही.

एक राहिलंच. काल फोनवर जाऊबाई म्हणाल्या, "माझी पर्स कुठवर आली?" पिशवी नाही म्हणाल्या, पर्स. म्हणजे वर चेन हवी. क्रोशाच्या काठाला चेन कशी लावायची?

वाशीचा पूल

काठाला नाहीच. तो मऊ असतो, चेन लाटेसारखी वर-खाली होते आणि चेनच्या रनरमध्ये दोरा अडकतो. चेन अस्तराच्या तोंडाला मशीनवर लावून घ्या, अस्तर आत बसवायच्या आधी. पिशवीचं तोंड आतून ३८ च्या आसपास भरेल, ३५ ची चेन पुरे, दोन्ही टोकांना कापडाचा तुकडा जोडा. मग अस्तर आत घालून वरचा काठ हाताने लपवा टाके घालून शिवा. मशीन नसेल तर स्टेशनबाहेर बॅगांच्या चेन बदलून देणारे बसतात, त्यांच्याकडे नुसतं अस्तर घेऊन जा. क्रोशाची पिशवी नेऊ नका, त्यांच्या मशीनच्या पायात पाकळी अडकली तर मग खरंच उसवावं लागेल.

गुंता

अस्तरच नेते. चेन क्रीम घेऊ की मरून?

टाकेवाली

मरून. क्रीम महिन्यात मळेल, आणि ते पहिलं कुणाला दिसेल हे आता सगळ्या धाग्याला माहीत आहे.