यू-गि-ओ: ‘गॉड कार्ड’ ज्याच्याकडे तोच जिंकतो. पोरांचे डाव नियमात कसे आणायचे?

जुळेसोलापूर_अंगण

सोसायटीत सुट्टीत दुपारी यू-गि-ओ या कार्डांच्या खेळाचे डाव चालतात. पोरं दहा ते चौदा वयाची, कार्डं बहुतेक स्टेशनरीच्या दुकानातल्या स्वस्त पाकिटातली. भांडण रोज एकाच गोष्टीवरून होतं: ओबेलिस्क, स्लायफर आणि रा ही तीन ‘गॉड’ मॉन्स्टर कार्डं. ओबेलिस्कवाला म्हणतो याच्यावर स्पेल (जादूचं कार्ड) चालत नाही, ट्रॅप (सापळ्याचं कार्ड) चालत नाही. रावाला म्हणतो मेला तरी मॉन्स्टर रीबॉर्न या स्पेलने उठवतो आणि समोरचं सगळं जाळतो. कार्टूनमध्ये दाखवलंय तसंच. पण मग बाकीच्या पोरांनी खेळायचं कशाला? या तीन कार्डांचा खरा नियम काय, त्यांना पाडायचं कसं, आणि तीन कार्डं काढूनच टाकावीत का, हे जाणकारांनी सांगावं.

कन्नाचौक_डेक

काढू नका. नियमाने खेळली तर ही तिन्ही कार्डं अवघड आहेत, अजिंक्य नाहीत.

पोरांना आधी हे पक्कं सांगा की डावात कार्डावर छापलेलं तेवढंच खरं. कार्टूनमधली ताकद कार्टूनपुरती. सुरुवातीला व्हिडिओ गेमबरोबर भेट म्हणून आलेल्या गॉड कार्डांवर तर ‘हे कार्ड डावात वापरता येणार नाही’ असंच छापलेलं होतं. खेळायला चालणाऱ्या प्रती नंतर आल्या, आणि त्यांचा मजकूर बराच मवाळ आहे.

आता किंमत बघा. तिन्हींना नॉर्मल समन करायला, म्हणजे हातातून नेहमीच्या पद्धतीने मैदानात उतरवायला, आपले तीन मॉन्स्टर ट्रिब्यूट (बळी) द्यावे लागतात. उलटं ठेवून सेट करता येत नाही. एका पाळीत नॉर्मल समन एकच, म्हणजे साध्या डेकला (कार्डांच्या गठ्ठ्याला) गॉड उतरतो तो चौथ्या पाळीला, आणि तोवर ते तिघे मैदानात जिवंत राहिले तर. शिवाय तीन मॉन्स्टर अधिक तो स्वतः, अशी चार कार्डं एका कार्डात अडकतात. समोरच्याने एका कार्डात तो उडवला की चारास एक असा तोटा. मोठ्या स्पर्धांच्या डेकमध्ये हे तिघे क्वचित दिसतात ते याच हिशोबामुळे.

सर्रास होणारी एक चूक: स्केपगोट या स्पेलची चार टोकन (मॉन्स्टरच्या जागी ठेवायच्या खुणा) मांडायची आणि त्यातली तीन ट्रिब्यूट द्यायची. चालत नाही. ती टोकन ट्रिब्यूट समनसाठी वापरता येणार नाहीत असं त्याच कार्डावर लिहिलेलं आहे. सरळ मार्ग हवा असेल तर राज डिसायपल हा मॉन्स्टर बघा. एक उतरवला की हातातून किंवा डेकमधून आणखी दोन येतात, आणि ते या तीन गॉडसाठीच ट्रिब्यूट देता येतात. पण त्या पाळीचं नॉर्मल समन त्यातच खर्ची पडतं, त्यामुळे समोरच्याला एक अख्खी पाळी मिळते. रासाठी मात्र एन्शंट चँट हे स्पेल आहे: रा हातात आणून देतं आणि त्याच पाळीत एक जादा ट्रिब्यूट समनही देतं. रा खेळणाऱ्या पोराच्या डेकमध्ये ते नसेल तर रा बहुतेक वेळा हातातच पडून राहतो.

विजापूरनाका_साइडडेक

वरच्या उत्तरात किंमत आली. मी पाडायचं कसं ते लिहितो.

तिघांचं समन रद्द करता येत नाही आणि ते उतरतात त्या क्षणी समोरच्याला काही चालवता येत नाही. म्हणून समनच्या वेळी चालणारी सॉलेम जजमेंट किंवा टोरेन्शियल ट्रिब्यूट ही ट्रॅप त्यांच्यासाठी राखून ठेवू नका. पण ही आडकाठी त्या क्षणापुरतीच आहे. पोरं तीच ओढून पूर्ण डावभर लावतात, भांडणाचं मूळ बहुतेक तिथेच आहे.

ओबेलिस्क, ४००० अटॅक, ४००० डिफेन्स. त्याला कोणालाच टार्गेट करता येत नाही, म्हणजे नेमकं त्यालाच निवडून कुठलं कार्ड चालवता येत नाही, त्याच्या मालकालासुद्धा नाही. एवढंच. नष्ट होत नाही असं कुठेही लिहिलेलं नाही. त्यामुळे रायगेकी, डार्क होल, मिरर फोर्स ही टार्गेट न करता सगळं उडवणारी कार्डं त्याच्यावर बिनदिक्कत चालतात. दोन मॉन्स्टर ट्रिब्यूट देऊन समोरचे सगळे नष्ट करायची त्याची ताकद वापरली, तर त्या पाळीत त्याला हल्ला करता येत नाही. हे वाक्य पोरं हमखास गाळतात.

स्लायफरचा अटॅक म्हणजे हातातली कार्डं गुणिले १०००. घाईने तीन मॉन्स्टर जमवून हातात एकच कार्ड उरलं असेल तर तो फक्त १०००चा. तुम्ही अटॅक पोझिशनमध्ये मॉन्स्टर उतरवला की तुमच्या त्या मॉन्स्टरचे २००० कमी होतात, आणि त्यामुळे तो शून्यावर आला तर नष्ट. उपाय साधा आहे: उलटं सेट करा किंवा डिफेन्समध्ये स्पेशल समन करा (एखाद्या कार्डाच्या ताकदीने उतरवा), मग ते लागू होत नाही. त्याला टार्गेट करता येतं, म्हणून कम्पल्सरी इव्हॅक्युएशन डिव्हाइस या ट्रॅपने थेट हातात परत. परत उतरवायचा म्हणजे पुन्हा तीन ट्रिब्यूट.

राचा स्वतःचा अटॅक शून्य धरायचा. उतरताना मालक लाइफ पॉइंट देतो, स्वतःकडे फक्त १०० ठेवतो आणि दिलेले सगळे राला मिळतात. पूर्ण ८००० असतील तर ७९००चा रा. इथे बुक ऑफ मून हे स्पेल टाका. रा उलटा झाला की मिळवलेले सगळे पॉइंट पुसले जातात, डिफेन्स शून्य, कुठलाही लहान मॉन्स्टर त्याला मारतो आणि मालक १०० पॉइंटवर बसलेला. तिघांतलं सर्वात धोक्याचं कार्ड हेच, पण धोका दोन्ही बाजूंना.

तिघांवर एकच औषध हवं असेल तर काइजू नावाचे मॉन्स्टर. त्यातला गेमेसिएल घ्या. तो समोरच्याचा एक मॉन्स्टर ट्रिब्यूट देऊन समोरच्याच मैदानात उतरतो. टार्गेट नाही, नष्ट करणं नाही, म्हणून ओबेलिस्कसुद्धा सरळ जातो. बदल्यात त्याच्याकडे २२००चा कासव येतो, तेवढा पाडायची तयारी ठेवा. समोर दोन मॉन्स्टर असतील तर लावा गोलेम दोघांना एकदम नेतो. मात्र त्या पाळीत तुम्हाला नॉर्मल समन नाही, आणि ३०००चा राक्षस समोरच्याकडे जातो. तो त्याला त्याच्या दर पाळीच्या सुरुवातीला, स्टँडबायला, १००० पॉइंटचा चटका देतो.

जुळेसोलापूर_अंगण

बुक ऑफ मूनचं माहीत नव्हतं, आजच सांगतो पोरांना. मॉन्स्टर रीबॉर्नचं तेवढं राहिलं. आणि एक पोरगा एक्झोडिया घेऊन बसतो, पाच भाग हातात आले की जिंकलो म्हणतो. ते खरं आहे का?

कन्नाचौक_डेक

रा स्पेशल समन होतच नाही. मॉन्स्टर रीबॉर्न त्याच्यावर चालणार नाही, विषय तिथेच संपला. ओबेलिस्क आणि स्लायफर रीबॉर्नने येतात, एक पाळी हल्ला करतात आणि एंड फेजला (पाळीच्या शेवटी) परत ग्रेव्हयार्डमध्ये (बाद कार्डांच्या ढिगात) जातात.

एक्झोडियाचं खरं आहे. डोकं, दोन हात, दोन पाय असे पाचही भाग हातात आले की डाव तिथेच जिंकला. प्रत्येक भाग एकेकच ठेवायचा, असा दंडक घाला. ४० कार्डांच्या डेकमध्ये पहिल्याच पाच कार्डांत पाचही येण्याची शक्यता ६,५८,००८ मध्ये एक. तो रोज पहिल्या हातात जिंकत असेल तर पिसणं तपासा: प्रत्येक डावाआधी समोरच्याने डेक कापलीच पाहिजे.

एक्झोडिया जिंकवणारी खरी कार्डं मात्र तो स्वतः नव्हे, पटापट कार्डं ओढून देणारी. पॉट ऑफ ग्रीड बघा. काहीही न देता दोन कार्डं, ना अट ना किंमत. दिसायला एक हिरवं हसरं मडकं, पण कुठल्याही डेकमध्ये बसतं आणि ती डेक आपोआप पातळ करतं. म्हणूनच ते स्पर्धांत बंद आहे आणि ओबेलिस्क खुला आहे. तुमच्याकडे बंदी घालायचीच असेल तर आधी मडक्यावर घाला.

पार्कचौक_स्लीव्ह

नियमांचं वरती आलंय. कार्डांचं थोडं लिहितो, कारण स्वस्त पाकिटातल्या कार्डांनी निम्मा घोळ होतो.

अस्सल कार्ड ५९ बाय ८६ मिलिमीटर. चित्राच्या खाली उजवीकडे संचाचा छोटा कोड, डाव्या खालच्या कोपऱ्यात आठ आकडी क्रमांक आणि उजव्या खालच्या कोपऱ्यात चमकणारा चौकोनी शिक्का असतो. ओबेलिस्कचा क्रमांक १००००००० आहे, राचा १०००००१० आणि स्लायफर १०००००२०. नकली कार्डांवर हा क्रमांक नसतो किंवा भलताच असतो, आणि मजकूर अर्धवट किंवा चुकलेला असतो. त्यावरून वाद घालू नका. हा खेळ काढणाऱ्या कोनामी कंपनीच्या अधिकृत कार्ड डेटाबेसमधून बरोबर मजकूर उतरवून घ्या, मराठीत चिठ्ठीवर लिहा आणि चिठ्ठी कार्डाबरोबर स्लीव्हमध्ये (कार्डाच्या प्लास्टिकच्या आवरणात) ठेवा. घरच्या डावाला नकली कार्ड चालेल, नकली मजकूर चालणार नाही.

दुसरं, नकली कार्डांच्या पाठीचा रंग पाकिटागणिक वेगळा असतो. म्हणजे डेकमध्ये गॉड कुठे आहे ते पाठीवरूनच कळतं. अपारदर्शक पाठीच्या ६२ बाय ८९ मापाच्या स्लीव्ह घ्या आणि एका डेकला एकच रंग. ६६ बाय ९१च्या मोठ्या स्लीव्हमध्ये ही कार्डं सैल हलतात आणि कोपरे घासतात.

आणि आपल्या सोलापूरच्या उन्हाचं. चकचकीत कार्डाचा वरचा थर ओलावा शोषत नाही, खालचा कागद शोषतो. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत कागद आकसतो आणि कार्ड चकचकीत बाजूने फुगतं. वाकलेला गॉड डेकमध्ये लगेच ओळखू येतो. उन्हाळ्यात डब्यात सिलिका जेल टाकू नका, कागद आणखी सुकतो. ते पावसाळ्यासाठी ठेवा. उन्हाळ्यात कार्ड घट्ट झाकणाच्या डब्यात, पत्र्याखालच्या खोलीपासून लांब. वाकलंच तर स्लीव्हसकट दोन जाड पुस्तकांत दाबून काही दिवस ठेवा. इस्त्री फिरवू नका, थर सुटतो.

विजापूरनाका_साइडडेक

शेवटी सोसायटीसाठी मांडणी सुचवतो. डेक नेमकी ४० कार्डांची. नियमाने ६० पर्यंत चालते, पण जाड डेकमध्ये गॉड हाताला लागत नाही आणि पोरं कंटाळतात. लाइफ पॉइंट ८०००, हातात ५ कार्डं, पहिल्या पाळीवाल्याने कार्ड ओढायचं नाही. एका डेकमध्ये एकच गॉड. आणि ज्याच्याकडे गॉड नाही त्याला काइजू, बुक ऑफ मून, मिरर फोर्स यांपैकी दोन तरी सगळ्यांच्या सामाईक डब्यातून द्या. कार्ड नसेल तर कागदावर नाव आणि मजकूर लिहून स्लीव्हमध्ये घालून चालवा.

वाद मिटेना तर तोच प्रसंग मास्टर ड्युएल या यू-गि-ओच्या अधिकृत व्हिडिओ गेममध्ये मांडून बघा. मोफत आहे, आणि जे नियमात बसत नाही ते बटण तिथे दाबताच येत नाही. पोरं मोठ्यांचं ऐकणार नाहीत, पण पडद्यावर रीबॉर्नच्या यादीत रा दिसला नाही की गप्प बसतात.