ट्रॅशर्स मारामारीमुळे बंद पडले नाहीत

डॅनबरी ट्रॅशर्स हा अमेरिकेतला आइस हॉकी संघ सामन्यांतल्या मारामाऱ्यांमुळे बंद पडला असं कोणी म्हणत असेल, तर ते खरं नाही. मारामारीमुळेच तर लोक यायचे!

कनेक्टिकटमधल्या डॅनबरीत कचरा उचलण्याचा मोठा धंदा असलेल्या जेम्स गलांटे यांनी २००४ मध्ये युनायटेड हॉकी लीग या दुय्यम स्तरावरच्या स्पर्धेतला हा संघ सुरू केला आणि कारभार सोपवला १७ वर्षांच्या मुलाकडे, ए. जे. कडे. बोधचिन्ह काय, तर हातात हॉकी स्टिक घेतलेला, रागावलेला कचऱ्याचा डबा! धंद्याचं नाव असं छातीवर मिरवणं मला मनापासून आवडतं. स्टेडियममधल्या ‘सेक्शन १०२’ या भागातले प्रेक्षक तर पाहुण्या संघाला सळो की पळो करून सोडायचे.

पण नुसतीच दांडगाई नव्हती. एनएचएल ही तिथली सर्वोच्च आइस हॉकी लीग. मालक-खेळाडूंच्या वादामुळे तिचा २००४-०५ चा हंगाम बंद राहिला, तेव्हा तिथला माइक रप इथे खेळला. २००३ मध्ये स्टॅनली कपच्या, म्हणजे एनएचएलच्या विजेतेपदाच्या, अंतिम मालिकेतल्या सातव्या सामन्यात न्यू जर्सी डेव्हिल्स संघासाठी निर्णायक गोल करणारा तोच. दुसऱ्याच हंगामात संघ अंतिम फेरीत पोचला, पण कॅलमझूच्या संघाकडून हरला.

घात झाला तो हिशेबात. लीगने पगाराला मर्यादा घातली होती, ती चुकवायला खेळाडूंना कचऱ्याच्या कंपन्यांत नावापुरत्या नोकऱ्या दाखवल्या गेल्या. जून २००६ मध्ये धंद्यातल्या गुन्ह्यांसाठी गलांटेंना अटक झाली आणि संघ तिथेच संपला. पुढे त्यांनी गुन्हा कबूल केला, ८७ महिन्यांची शिक्षा झाली. खेळाडूंचं मात्र वाईट वाटतं, एका झटक्यात सगळे बेकार झाले.